कार्व्हरच्या टस्कीगीची भावंडं: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर या कृष्णवर्णीय अमेरिकी शेतीशास्त्रज्ञावर छोटंसं टिपण दिलं होतं आणि त्यात टस्कीगीची ओळख "कृष्णवर्णीयांचं कॉलेज" एवढ्या दोन शब्दांत उरकली होती. त्या दोन शब्दांवरच इतकी पत्रं, मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आले की या वेळचं सगळं सदर त्यांनाच देतोय. बरं झालं, कारण मी बत्तीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला, पण हा विषय अभ्यासक्रमात कधी आलाच नाही, जे काही वाचलं ते स्वतःच्या ओढीने. घरात कॉलेजात जाणारा पहिला मीच, वसतिगृहात राहून शिकलो, त्यामुळे या कॉलेजांबद्दल मला तटस्थपणे लिहिता येत नाही हे आधीच सांगून टाकतो.

प्रश्न : आठवीच्या मुलांना मी 'एक होता कार्व्हर' वाचून दाखवते. एका मुलीने विचारलं, "बाई, आयोवाच्या कॉलेजात त्याला चांगली नोकरी होती, मग ती सोडून तो त्या गरीब कॉलेजात का गेला?" मी म्हटलं, सेवाभाव. पण माझं मलाच ते उत्तर पुरं वाटलं नाही. — एक शिक्षिका, सांगली जिल्हा

ताई, त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. सेवाभाव होताच, पण तो कुठून आला हे कळायला आधी टस्कीगी काय होतं ते बघावं लागेल.

अमेरिकेत गुलामगिरी संपली १८६५ ला. त्याआधी दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांत गुलामाला लिहावाचायला शिकवणं हा कायद्याने गुन्हा होता, म्हणजे नुसतं शिकू द्यायचं नाही असं नाही, शिकवणाऱ्याला शिक्षा. त्यानंतर सोळाच वर्षांनी, १८८१ साली, अलाबामा राज्यातल्या टस्कीगी गावात शाळा निघाली. ती कशी निघाली ते मुलांना जरूर सांगा. गावात लुईस अ‍ॅडम्स नावाचा पत्र्याचं काम करणारा कारागीर होता, जन्म गुलामीतला, पण कृष्णवर्णीय मतदारांत त्याच्या शब्दाला वजन. निवडणुकीला उभ्या राहिलेल्या गोऱ्या उमेदवाराने मतं मागितली तेव्हा अ‍ॅडम्सने बदल्यात स्वतःसाठी काही मागितलं नाही, शाळा मागितली. सरकारने वर्षाला २००० डॉलर मंजूर केले, तेही फक्त शिक्षकांच्या पगारासाठी, जागेला आणि इमारतीला शून्य.

मुख्याध्यापक म्हणून आला बुकर टी. वॉशिंग्टन, वय पंचविशीच्या आसपास, तोही गुलामीत जन्मलेला. ४ जुलैला चर्चशेजारच्या मोडक्या खोपटात तीसेक विद्यार्थी घेऊन वर्ग सुरू झाला, छप्पर असं की पाऊस आला की एक विद्यार्थी उठून मास्तरांच्या डोक्यावर छत्री धरायचा. पुढे ओसाड पडलेला एक मळा विकत घेतला आणि इमारतीसाठी विटा पाहिजेत म्हणून पोरांनीच वीटभट्टी लावली. पहिली भट्टी वाया गेली, दुसरी गेली, तिसरीही गेली. हातात पैसा नाही, तेव्हा वॉशिंग्टनने आपलं घड्याळ गहाण टाकलं, १५ डॉलर आले, त्यात चौथी भट्टी पेटवली आणि ती नीट भाजून निघाली. घड्याळ मात्र कधीच सोडवता आलं नाही.

आता कार्व्हर. याला कॅन्ससमधल्या एका कॉलेजने पत्राने अ‍ॅडमिशन दिलं होतं आणि प्रत्यक्ष गेल्यावर कातडीचा रंग बघून परत पाठवलं होतं. पुढे आयोवात त्याला चांगली माणसं भेटली, १८९६ ला एम.एस. झाला, पण त्या कॉलेजातला तो पहिलाच कृष्णवर्णीय विद्यार्थी आणि पहिलाच कृष्णवर्णीय शिक्षक, म्हणजे आजूबाजूला त्याच्यासारखं दुसरं कोणी नाही. वॉशिंग्टनचं बोलावणं आलं तेव्हा त्याच्यासमोर प्रश्न असा असणार की आपण शिकलो, मग ज्यांना दारातूनच परत पाठवतात त्यांना कोण शिकवणार? तो गेला आणि १९४३ ला मरेपर्यंत तिथेच राहिला, ४७ वर्षं. प्रयोगशाळेला सामान नव्हतं म्हणून कचऱ्यातल्या बाटल्या, फुटकी भांडी गोळा करून कामाला लावली. कापसाने जमिनी निकस झाल्या होत्या तर शेतकऱ्यांना चवळी, भुईमूग, रताळी घ्यायला शिकवलं. आणि शेतकरी कॉलेजात येऊ शकत नाही म्हणून १९०६ पासून कॉलेजच गाडीत घालून त्याच्या बांधावर नेलं, अवजारं, बियाणं, दुधाची यंत्रं घेतलेली गाडी गावोगाव फिरायची. विदर्भ-मराठवाड्यातल्या कापूसवाल्याला यातलं दुखणं वेगळं समजावून सांगायला नको.

टस्कीगी आजही आहे, आता विद्यापीठ आहे, तिथलं पशुवैद्यकीय कॉलेज फार नावाजलेलं. त्या नावाला एक काळी आठवणही चिकटलेली आहे, ती मुलं मोठी झाल्यावर सांगा. १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं अमेरिकी सरकारच्या आरोग्य खात्याने त्या भागातल्या सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर सिफिलिसचा अभ्यास केला, आजारी असलेल्यांना खरा आजार सांगितला नाही आणि पेनिसिलिन निघाल्यावरही दिलं नाही. अभ्यास सरकारचा, पण त्यासाठी टस्कीगीच्या दवाखान्याची जागा वापरली गेली, आणि ज्या संस्थेवर लोकांचा सगळ्यात जास्त विश्वास तिच्याच दारात हे घडलं याचं मला आजही फार वाईट वाटतं.

प्रश्न : सर, प्रामाणिक शंका आहे, राग मानू नका. फक्त काळ्यांसाठी कॉलेज हा भेदभावच नाही का? आणि आता सगळीकडे अ‍ॅडमिशन मिळतं तर ही कॉलेजं चालू ठेवायची गरज काय? — इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, पुणे

राग कशाचा, तुझ्या वयात मलाही हेच वाटलं असतं. पण "फक्त" या शब्दातच घोळ आहे बघ. ही कॉलेजं "फक्त काळ्यांसाठी" कधी नव्हतीच. वॉशिंग्टन शहरातलं हॉवर्ड विद्यापीठ १८६७ ला सुरू झालं तेव्हा पहिल्या विद्यार्थ्यांत संस्थापक मंडळींच्या गोऱ्या मुली होत्या. आज या सगळ्या कॉलेजांत मिळून साधारण चौथा हिस्सा विद्यार्थी कृष्णवर्णीय नाहीत, आणि वेस्ट व्हर्जिनियातल्या ब्लूफील्ड स्टेटमध्ये तर बहुसंख्य गोरे आहेत. "फक्त" ही पाटी दुसऱ्या बाजूच्या दारावर होती.

या कॉलेजांना तिकडे एचबीसीयू म्हणतात, म्हणजे हिस्टॉरिकली ब्लॅक कॉलेजेस अँड युनिव्हर्सिटीज. १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्यात व्याख्या आहे की १९६४ च्या आधी स्थापन झालेली आणि कृष्णवर्णीयांना शिकवणं हा मुख्य हेतू असलेली संस्था. म्हणून नवीन एचबीसीयू आता काढताच येत नाही. आहेत त्या सुमारे शंभर, बहुतेक दक्षिणेत. सगळ्यात जुनी पेनसिल्व्हेनियातली चेनी, १८३७ ची, क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या एका दानशूराच्या मृत्युपत्रातल्या पैशातून निघालेली. पण खरी लाट आली ती गुलामगिरी संपल्यावर. फिस्क १८६६, हॉवर्ड आणि मोअरहाउस १८६७, हॅम्पटन १८६८. अटलांटातलं मुलींचं स्पेलमन १८८१ ला चर्चच्या तळघरात सुरू झालं. हॅम्पटनच्या आवारात अजून एक जुना ओक आहे. अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू असताना १८६१ साली मेरी पीक ही बाई पळून आलेल्या गुलामांच्या पोरांना त्याच्या सावलीत अक्षरं शिकवायची. पुढच्याच वर्षी ती क्षयाने गेली, पण झाड आहे.

वेगळेपणा पक्का कोणी केला तर कायद्याने. १८९० ला केंद्र सरकारने राज्यांना सांगितलं की शेतकी आणि तांत्रिक कॉलेजांसाठी आमचा पैसा हवा असेल तर एकतर कृष्णवर्णीयांना तुमच्या कॉलेजात घ्या, नाहीतर त्यांच्यासाठी वेगळं कॉलेज काढा. दक्षिणेतल्या राज्यांनी काय निवडलं असेल ते सांगायला नको. १८९६ ला सुप्रीम कोर्टानेच म्हटलं की वेगळं पण समान असेल तर चालतं, मग काय, वेगळं तेवढं झालं, समान कधी झालंच नाही.

आता यातली गंमत म्हणण्यापेक्षा न्याय म्हणू या, तो असा की ही भिंत ज्यांनी पाडली ते याच कॉलेजांतून आले. थर्गूड मार्शल बाल्टिमोरचा मुलगा, घराजवळच मेरीलँड विद्यापीठाचं लॉ कॉलेज, पण तिथे कृष्णवर्णीयाला प्रवेश नाही म्हणून रोज पहाटे ट्रेन पकडून वॉशिंग्टनला हॉवर्डमध्ये जायचा. तिथे लॉ कॉलेजची सूत्रं चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांच्या हातात, स्वतः हार्वर्डला शिकलेले. त्यांनी संध्याकाळचं अर्धवेळ लॉ स्कूल मोडून पूर्णवेळ केलं, पोरांना घाम फोडायचे, आणि त्यांचं सांगणं स्पष्ट होतं की वकील एकतर समाज घडवणारा इंजिनिअर असतो नाहीतर समाजावर जगणारं बांडगूळ. मार्शल १९३३ ला वर्गात पहिला आला. आणि दोनच वर्षांत गुरू-शिष्यांनी मिळून कुठली केस जिंकली? मेरीलँड विद्यापीठाच्या त्याच लॉ कॉलेजाविरुद्धची, एका दुसऱ्या मुलाच्या प्रवेशासाठी! तिथून पायरी पायरीने १७ मे १९५४ चा ब्राउन खटल्याचा निकाल आला, शाळांतला वेगळेपणा घटनाबाह्य ठरला. ह्यूस्टन तो बघायला नव्हते, १९५० लाच गेले. मार्शल १९६७ ला सुप्रीम कोर्टाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले.

राहिली गरज. अरे, दार उघडणं वेगळं आणि आत गेल्यावर कोणीतरी "ये, तुझीच वाट बघत होतो" म्हणणं वेगळं. ज्या वर्गात प्राध्यापक, वर्गातला पहिला, नापास होणारा, गाणारा, भांडणारा सगळेच तुझ्यासारखे असतात तिथे तुला कोणाचा प्रतिनिधी म्हणून वावरावं लागत नाही. वसतिगृहात राहिलेल्या माणसाला हे लगेच कळतं. माझ्या कॉलेजात मी प्रश्न विचारायला हात वर करायचो नाही, पण वसतिगृहाच्या खोलीत रात्री दोनपर्यंत तावातावाने वाद घालायचो, मुलगा तोच, जागा बदलली की माणूस बदलतो.

प्रश्न : मी आयटीआयमध्ये निदेशक होतो. बुकर टी. वॉशिंग्टन हातकामाच्या बाजूचे आणि डु बॉइस उच्च शिक्षणाच्या बाजूचे असं वाचलं. बरोबर कोण? — निवृत्त निदेशक, जालना

साहेब, तुमच्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणं म्हणजे अन्याय होईल. वॉशिंग्टनचं म्हणणं, आधी सुतारकाम, गवंडीकाम, शेती, हातात कसब आणि गाठीला पैसा आला की मान आपोआप मिळेल, आत्ता राजकीय हक्कांसाठी घाई नको. १८९५ च्या अटलांटातल्या भाषणात त्यांनी हाताचा दाखला दिला, सामाजिक व्यवहारात बोटांसारखे वेगळे आणि प्रगतीच्या कामात हातासारखे एक. गोऱ्यांना हे फार आवडलं, तिथेच पाल चुकचुकायला हवी होती. डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस १८८८ चे फिस्कचे पदवीधर, पुढे हार्वर्डची पीएच.डी., अटलांटा विद्यापीठात शिकवायचे. त्यांचं म्हणणं, मताचा हक्क सोडून दिलात तर कमावलेली जमीन राखणार कशाच्या जोरावर? आणि तुमच्या या उद्योगशाळांना मास्तर तरी कुठून आणणार, ते कॉलेजातूनच यायला हवेत ना?

माझं मत डु बॉइसकडे झुकतं. ह्यूस्टन आणि मार्शल करवत चालवून तयार होत नाहीत. पण वॉशिंग्टनला भित्रा म्हणणाऱ्यांशी मी भांडतो. जिथे तोंड उघडलं की झाडाला टांगायचे तिथे, अलाबामात, हा माणूस विटा भाजत होता, आणि त्यांच्या मृत्यूनंतर कागदपत्रांतून बाहेर आलं की भेदभावाविरुद्धच्या कोर्टकेसेसना ते गुपचूप पैसे देत होते. टस्कीगीचा कॅम्पस ज्याने आखला तो रॉबर्ट टेलर हा एमआयटीचा पहिला कृष्णवर्णीय पदवीधर. पोरांनी भाजलेली वीट आणि एमआयटीचा नकाशा एकाच भिंतीत आहेत, तुम्ही आयटीआयत आयुष्य घातलंत, तुम्हाला हे आवडेल.

प्रश्न : एवढी मोठी माणसं या कॉलेजांतून निघाली तर मग ती कायम पैशाच्या अडचणीत का असतात? माजी विद्यार्थी देत नाहीत का? — सीए, ठाणे

देतात हो. पण तुम्ही सीए आहात, ताळेबंद पहिल्या वर्षापासून बघा. गोऱ्या कॉलेजांना जमीन, अनुदान आणि श्रीमंत माजी विद्यार्थ्यांच्या चार-चार पिढ्या मिळाल्या. इकडे पहिल्या पिढीतला पदवीधर शिक्षक नाहीतर पाद्री व्हायचा, तो देऊन किती देणार? मी वर १८९० चा कायदा सांगितला, त्या कॉलेजांना केंद्राइतकीच भर राज्याने घालायची असते, आणि गोऱ्यांच्या कॉलेजाला पूर्ण घालून यांच्या वाट्याला हात आखडता घ्यायचा हे दशकानुदशकं चाललं. २०२३ मध्ये अमेरिकेच्या शिक्षण आणि कृषी खात्याच्या मंत्र्यांनी १६ राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं पाठवली, त्यात हिशोबच मांडला की गेल्या तीस वर्षांत या कॉलेजांना १२ अब्ज डॉलरच्या वर कमी मिळाले. एकट्या टेनेसी स्टेटचे २ अब्जाहून जास्त. मेरीलँडमध्ये तर चार कॉलेजांच्या बाजूने वर्षानुवर्षं खटला चालला आणि २०२१ ला राज्याने ५७ कोटी ७० लाख डॉलर द्यायचं मान्य केलं. याला मी थकबाकी म्हणतो, कोणी मदत म्हटलं की मला राग येतो.

पैशासाठी या लोकांनी काय काय केलं! फिस्क कॉलेज पाच वर्षांत कर्जात बुडालं तेव्हा १८७१ ला कोषाध्यक्ष नऊ पोरापोरींना घेऊन गाण्याच्या दौऱ्यावर निघाला. ही पोरं बहुतेक गुलामीतून आलेली, आपल्या आईबापांची गुलामीतली भजनं, जी घराबाहेर गायची लाज वाटायची, ती स्टेजवर गायली. आधी लोकांनी दुर्लक्ष केलं, हॉटेलात खोली मिळेना, पण पुढे इंग्लंडमध्ये व्हिक्टोरिया राणीसमोर गायले आणि त्या पैशातून जुबिली हॉल उभा राहिला, अजून उभा आहे. फ्लोरिडात मेरी मॅक्लिओड बेथ्यून यांनी १९०४ ला दीड डॉलर आणि पाच विद्यार्थिनींवर शाळा काढली, तिचं आज विद्यापीठ आहे. १९४४ ला टस्कीगीच्या अध्यक्षांच्या पुढाकाराने अनेक खासगी कॉलेजांनी एकत्र येऊन निधी गोळा करायला सुरुवात केली, युनायटेड निग्रो कॉलेज फंड, तो अजून स्कॉलरशिप देतो. तरीही काही कॉलेजं बंद पडली. अटलांटातल्या मॉरिस ब्राउनची मान्यता २००२ ला गेली, विद्यार्थी बोटांवर मोजण्याइतके उरले, पण त्यांनी दार बंद केलं नाही आणि वीस वर्षांनी, २०२२ ला, मान्यता परत मिळवली. वीस वर्षं मान्यतेशिवाय कॉलेज चालू ठेवणं म्हणजे काय हे ज्याने संस्था चालवलीय त्यालाच कळेल.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी बारावीला आहे, तिला हॉवर्डला जायचंय, डॉक्टर व्हायचंय. आम्ही मराठी, आमची मुलगी तिथे एकटी पडेल का, आणि डिग्रीला किंमत असते ना? नातेवाईक नाकं मुरडतायत. — एक आई

ताई, नातेवाइकांचं राहू द्या. किंमतीचं म्हणाल तर कमला हॅरिस १९८६ च्या हॉवर्डच्या, नोबेल मिळालेल्या टोनी मॉरिसन १९५३ च्या. नासाच्या ज्या गणिती बायका आता जगाला माहीत झाल्या त्यातल्या कॅथरीन जॉन्सन वेस्ट व्हर्जिनिया स्टेटच्या, मेरी जॅक्सन हॅम्पटनच्या, डोरोथी व्हॉन विल्बरफोर्सच्या, तिन्ही याच कुटुंबातली कॉलेजं.

डॉक्टरकीचं तर या कॉलेजांचं ऋण फारच मोठं आहे. १९१० मध्ये फ्लेक्सनर नावाच्या गृहस्थांनी अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांची पाहणी केली, त्यानंतर कृष्णवर्णीयांच्या सातपैकी पाच मेडिकल कॉलेजं बंद पडली, उरली फक्त हॉवर्ड आणि नॅशव्हिलची मेहॅरी, आणि पुढची कित्येक दशकं त्या देशातले बहुसंख्य कृष्णवर्णीय डॉक्टर या दोन ठिकाणीच घडले. पदवीनंतर मेडिकलला मुलं पाठवण्यात न्यू ऑर्लिन्सच्या झेविअर विद्यापीठाचं नाव फार मोठं आहे, तेही मुलीला बघायला सांगा, लहान आहे पण शिक्षक पोरांच्या मागे लागून अभ्यास करून घेतात अशी ख्याती आहे.

एकटी पडेल का? मला वाटतं, तिला तिथे काहीतरी नवीन शिकावं लागेल, ते म्हणजे आपण पाहुणे असण्याची सवय. या घराचा इतिहास आपला नाही, तो शिकून घ्यावा, गृहीत धरू नये. तेवढं केलं तर घर मोठ्या मनाचं आहे. हिटलरच्या जर्मनीतून पळून आलेल्या कितीतरी ज्यू प्राध्यापकांना कोणी नोकरी देईना तेव्हा दक्षिणेतल्या याच कॉलेजांनी त्यांना ठेवून घेतलं. फी, स्कॉलरशिप आणि होस्टेलचं मात्र आधीच नीट बघा, काही कॉलेजांत होस्टेलच्या जागेची चणचण असते, आणि निर्णयाआधी एकदा मुलीला कॅम्पसवर घेऊन जा. होमकमिंगच्या, म्हणजे माजी विद्यार्थी परत येतात त्या उत्सवाच्या दिवसांत गेलात तर आणखीन उत्तम, बँड, नाच, सत्तर वर्षांच्या आजीबाई आपल्या सॉरॉरिटीच्या, म्हणजे कॉलेजातल्या मुलींच्या मंडळाच्या रंगाचे कपडे घालून आलेल्या, आपल्याकडे जत्रेला सासुरवाशिणी येतात तसं सगळं गाव परत येतं.

प्रश्न : फुले-आंबेडकरांचा या लोकांशी काही संबंध आला होता का? — वाचक, सातारा

आला होता. जोतीरावांनी १८७३ ला 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या त्या भल्या लोकांना, ज्यांनी निग्रो गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी झीज सोसली. फिस्कची पोरं त्याच वर्षी इंग्लंडात गात होती, तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की मला अंगावर काटा येतो. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डु बॉइसना पत्र लिहिलं, की अस्पृश्यांची आणि अमेरिकेतल्या निग्रोंची स्थिती इतकी सारखी आहे की तुमच्या प्रश्नाचा अभ्यास आम्हाला आवश्यकच आहे, आणि निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाला दिलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. डु बॉइसनी जुलैअखेर उत्तर पाठवलं, तुमचं नाव मी ऐकून आहे, आणि प्रती पाठवायचं कबूल केलं. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबईत बाबासाहेबांचं सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं होतं, पुढे औरंगाबादला मिलिंद.

प्रश्न : आमचे आजोबा म्हणायचे की मार्टिन ल्यूथर किंगचा एक साथीदार नागपुरात मास्तर होता. खरं आहे का? — वाचक, नागपूर

अगदी खरं, आणि आजोबांच्या तोंडून ऐकलंत म्हणजे तुम्ही भाग्यवान. त्यांचं नाव जेम्स लॉसन. कोरियाच्या युद्धात सैन्यात जायला नकार दिला म्हणून तुरुंगात जाऊन आलेला तरुण, १९५३ ला मेथडिस्ट मिशनतर्फे नागपूरला हिस्लॉप कॉलेजात आला, तीनेक वर्षं राहिला, मुलांना शिकवायचा, खेळांचं कोचिंग करायचा आणि गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास करायचा. अलाबामातल्या माँटगोमेरीत कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकलाय ही बातमी त्याने वाचली तीही नागपुरातच, नागपूर टाइम्समध्ये.

त्याच्या आधीही एक धागा आहे, वर्ध्याचा. हॉवर्डच्या धर्मशास्त्र विभागाचे डीन बेंजामिन मेझ १९३६ च्या अखेरीस वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले, अहिंसेबद्दल खोदून खोदून विचारलं. ते पुढे मोअरहाउसचे अध्यक्ष झाले, आणि १९४४ ला पंधरा वर्षांचा एक मुलगा तिथे दाखल झाला, मार्टिन ल्यूथर किंग. मेझना तो आयुष्यभर गुरू मानायचा.

लॉसन १९५६ ला परत गेले, पुढच्या वर्षी किंगना भेटले, किंग म्हणाले दक्षिणेत या, आत्ताच या. ते नॅशव्हिलला गेले आणि फिस्क, मेहॅरी, टेनेसी स्टेट आणि तिथल्या बॅप्टिस्ट कॉलेजातल्या पोरांच्या चर्चमध्ये कार्यशाळा घ्यायला लागले. कार्यशाळा म्हणजे भाषणं नव्हे हो. पोरांना खुर्चीवर बसवायचं, बाकीच्यांनी त्यांना शिव्या द्यायच्या, ढकलायचं, खुर्चीवरून खाली ओढायचं, आणि बसलेल्याने हात उचलायचा नाही, हे पुन्हा पुन्हा. १ फेब्रुवारी १९६० ला नॉर्थ कॅरोलायना ए अँड टी या ब्लॅक कॉलेजातले पहिल्या वर्षाचे चार विद्यार्थी ग्रीन्सबरोत वूलवर्थच्या दुकानात, फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या काउंटरवर जाऊन बसले, आणि दोन आठवड्यांच्या आत नॅशव्हिलची ही तयार पोरं शेकड्याने बसली. त्यांनी मार खाल्ला, तुरुंगात गेली, पण परत येऊन बसली. एप्रिलमध्ये त्यांच्या वकिलाच्या घरावर बॉम्ब टाकला, स्फोट इतका मोठा की समोरच्या मेहॅरी कॉलेजच्या शंभरावर खिडक्या फुटल्या. त्याच दिवशी हजारो लोक गप्प चालत सिटी हॉलवर गेले आणि फिस्कची विद्यार्थिनी डायेन नॅश हिने महापौरांना तोंडावर विचारलं, माणसाच्या रंगावरून भेदभाव करणं चूक आहे असं तुम्हाला वाटतं का? महापौर हो म्हणाले. मे महिन्यात काउंटर उघडले. त्याच वसंतात शॉ या दुसऱ्या ब्लॅक कॉलेजात या सगळ्या विद्यार्थ्यांची देशव्यापी संघटना स्थापन झाली, बोलावणं त्याच कॉलेजच्या माजी विद्यार्थिनी एला बेकर यांचं.

लॉसन २०२४ च्या जूनमध्ये गेले, वय ९५. आपल्या मराठी वर्तमानपत्रांत मला त्यांच्यावर चार ओळींपेक्षा जास्त काही दिसलं नाही, तेव्हापासून ही रुखरुख आहे. म्हणून नागपूरकरांना विनंती, १९५३ ते १९५६ मध्ये तुमचे वडील, काका, आजोबा हिस्लॉपला असतील तर त्यांना लॉसन सरांबद्दल विचारा, घरात एखादा ग्रुप फोटो असेल तर मागची नावं वाचून बघा, आणि आम्हाला कळवा. तुमच्या आजोबांनी आणखी काय सांगितलं होतं तेही सविस्तर लिहून पाठवा, पुढच्या अंकात जागा राखून ठेवतोय.